पाणचक्की पुन्हा चालू करताना: आधी पाणी, मग छप्पर, चाक शेवटी

जुनी, बंद पडलेली पाणचक्की सगळ्यांनी मिळून पुन्हा चालू करायचं ठरलं की पहिला पैसा हमखास चाकावर जातो. साहजिक आहे. फोटो चाकाचा निघतो, देणगीदाराला चाक दाखवता येतं, उद्घाटनाला चाकच फिरवायचं असतं. पण पाटाला गळती आहे आणि छपराला भोक आहे, अशा जागी बसवलेलं नवं लाकडी चाक नुसतं उभं राहून तडकतं. मग दुसऱ्यांदा वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जायचं? म्हणून इथला क्रम थोडा रुक्ष वाटेल: कागद, पाणी, छप्पर, पाट, आणि त्यानंतर यंत्र.

कशासाठी चालवायची?

दळण, वीज, की लोकांना बघायला आणि जमायला जागा? तिन्ही करता येतं, पण मुख्य काय ते एकच ठरवा. दळलेलं पीठ लोक खाणार असतील तर अन्नसुरक्षेचे नियम लागू होतात आणि त्यापुढे जुनं ग्रीस, शिसं, उंदीर हे सगळे प्रश्न गंभीर होतात. वीज विकायची असेल तर वीज कंपनीची परवानगी आणि मीटर आलं. सभा, शाळेच्या सहली, प्रदर्शन यांसाठी जागा हवी असेल तर कठडे, बाहेर पडायचा दुसरा रस्ता आणि मजल्याची भार पेलण्याची ताकद बघावी लागते.

माझं मत दळणाच्या बाजूने आहे. पाणचक्की चालत राहिली तरच टिकते, आणि आठवड्याला ठरलेल्या दिवशी दळण असलं की ती चालवावीच लागते. नुसत्या प्रदर्शनासाठी दुरुस्त केलेली यंत्रं दोन-तीन वर्षांत पुन्हा गंजायला लागतात.

कागदपत्रं

इमारत एकाची, बंधाऱ्याखालची जमीन दुसऱ्याची, पाट तिसऱ्याच्या शेतातून जातो आणि पाणी सरकारचं, असा गुंता नेहमीचा आहे. चारही गोष्टींची मालकी वेगवेगळी तपासा. चक्की पूर्वी पाणी घेत होती म्हणून आजही तो हक्क शाबूत आहे, असं धरून चालू नका. वापर थांबल्यावर हक्क संपतो की नाही, हे तिथल्या कायद्यावर ठरतं. इमारत वारसा यादीत असेल तर छपराचं कौल बदलण्याआधीसुद्धा परवानगी लागू शकते.

काम करणारी संस्था नोंदलेली हवी, मग ती ट्रस्ट असो वा सहकारी संस्था. जागा मालकीची नसेल तर दीर्घ मुदतीचा भाडेकरार करा. पाच वर्षांच्या करारावर कोणीही मोठं अनुदान देत नाही, आणि देऊही नये.

पाणी मोजा, वर्षभर मोजा

दोन आकडे हवेत: दर सेकंदाला किती पाणी येतं आणि ते किती उंचीवरून पडतं.

उंची मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तीच पद्धत पुरते. पाटाचं पाणी चाकाशी येतं ती पातळी आणि चाकाखालून निघून जातं ती पातळी, यांतला फरक घ्यायचा. बंधाऱ्यापासून नदीपर्यंतचा एकूण उतार नव्हे. पूर आला की खालची पातळी वर चढते आणि हा फरक कमी होतो, म्हणून तो वेगवेगळ्या दिवसांत मोजा.

प्रवाह थोडा असेल तर पाटात फळी आडवी ठोकून तिला नव्वद अंशांची त्रिकोणी खाच पाडा. खाचेच्या टोकापासून पाणी २० सेंटिमीटर उंच वाहत असेल तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर जातात. ही उंची खाचेच्या तोंडाशी नाही, थोडं मागे, जिथे पाणी अजून खाली वाकलेलं नसतं, तिथे मोजायची. प्रवाह मोठा असेल तर पाटाचा सरळ तुकडा निवडून तरंगती वस्तू सोडा आणि घड्याळ लावा. पृष्ठभागावरचं पाणी सर्वांत जलद पळतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८ ने गुणा आणि मग पाटाच्या ओल्या छेदाच्या क्षेत्रफळाने.

आता हिशेब. लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८१ म्हणजे वॅट. २०० लिटर पाणी ३ मीटर पडत असेल तर ५,८८६ वॅट झाले. जुनं चाक, बेअरिंग आणि दाते यांत बरंच जातं. साठ टक्के हाती लागले असं धरलं तर उरतात साधारण साडेतीन किलोवॅट. दळणाच्या दगडांची एक जोडी चालवायला हे चांगलं आहे, वीज विकायला फारच थोडं. शिवाय नदीत ठरावीक पाणी वाहतं ठेवण्याची अट जवळपास सगळीकडे असते, तेव्हा येणारं सगळं पाणी आपलं नसतं. पावसाळ्यातला आकडा बघून उत्साहात आलेल्या लोकांना उन्हाळ्यातला आकडा दाखवणं हे समितीतल्या कोणीतरी करायलाच हवं.

वीजच हवी असेल तर एक अडचण आधीच समजून घ्या. जुनं चाक मिनिटाला सात-आठ फेरे घेतं, तर पन्नास हर्ट्झचा चार ध्रुवांचा जनरेटर १,५०० च्या आसपास फिरावा लागतो. वेग दोनशे पट वाढवणारा गिअर महाग पडतो आणि शक्ती खातो. म्हणून बऱ्याच ठिकाणी चाकाला हात न लावता बंधाऱ्याशेजारी आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याने फिरणारा मोठा तिरपा मळसूत्री दांडा, बसवतात. इंग्लंडमधल्या न्यू मिल्स गावात २००८ साली जुन्या गिरणीच्याच जागी असा स्क्रू बसला, आणि त्याचे भागधारक सामान्य लोक आहेत.

झाडू मारण्याआधी बघा

बंद इमारतीत उत्साही स्वयंसेवक शिरले की पहिल्याच रविवारी कचऱ्याबरोबर इतिहासही बाहेर जातो. लाकडाचा कुजका तुकडा हा कचरा नसून हरवलेल्या दात्याचा एकमेव नमुना असू शकतो. आधी प्रत्येक खोलीचे फोटो, मग प्रत्येक सुट्या भागावर क्रमांकाची पाटी, मग मापं. कोणतीच वस्तू, गंजका खिळासुद्धा, तोपर्यंत बाहेर काढू नका.

चाक पूर्ण नाहीसं झालेलं असलं तरी ते केवढं होतं हे भिंत सांगते. चाकाच्या खड्ड्यात उतरून दगडाकडे तिरका प्रकाश टाका. वर्षानुवर्षं घासून पडलेले गोलाकार ओरखडे दिसतात. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे चाकाची त्रिज्या, आणि समोरासमोरच्या भिंतींवर ओरखडे असतील तर रुंदीचाही अंदाज लागतो. आसाच्या बैठकीची खोबण, तुळईला पडलेली छिद्रं, जमिनीवर दगड टेकलेल्या जागचा गोल डाग, हे सगळं कागदावर उतरवा. धान्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर चक्कीवाल्यांनी पेन्सिलीने लिहिलेले हिशेब, तारखा, पुराच्या खुणा सापडतात; त्यावर रंगाचा हात फिरवू नका. दळणाचे दगड जागेवर नसतील तर आसपासची अंगणं, पायऱ्या आणि विहिरींचे काठ बघा. गोल, भोक पडलेला दगड लोक टाकून देत नाहीत. आणि चक्की चालताना बघितलेली वयस्कर माणसं असतील तर त्यांचं बोलणं या आठवड्यातच रेकॉर्ड करा.

पुरावा संपला की थांबायचं. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हे स्पष्ट आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. अंदाजाने काही बसवावंच लागलं तर ते नवं आहे हे दिसू द्या, त्यावर साल कोरा, आणि पुढे कोणाला काढता येईल असं बसवा.

वटवाघळं आणि घरटी करणारे पक्षी अशा इमारतींत असतातच, आणि अनेक देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. जाणकाराला बोलावून तपासणी करून घ्या आणि पिल्लांचा काळ सोडून काम आखा. पाखरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्क लावा, आणि झाडण्याआधी पाणी शिंपडा.

छप्पर आणि भिंती

छप्पर पूर्ण दुरुस्त करायला पैसे नसतील तर निदान ताडपत्री आणि पन्हळ आजच लावा. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथेच कुजतात, वरून मात्र ठणठणीत दिसतात. सुईसारखा टोकदार दाभण टोचून बघा. कुजलेलं टोक कापून तिथे त्याच जातीचं लाकूड सांध्याने जोडता येतं. अख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते.

जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. पाण्याशेजारची भिंत ओल ओढते आणि ती चुन्याच्या सांध्यांतून बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल दगडातच अडकते, पापुद्रे सुटतात आणि आतली लाकडं कुजतात. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागाला पाण्यात घट्ट होणारा चुना लागतो, वरच्या भागाला साधा चालतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळेपर्यंत थांबणं परवडतं, घाईने केलेलं सिमेंट काढणं परवडत नाही.

बंधारा आणि पाट

हे काम दिसत नाही, टाळ्या मिळवून देत नाही, आणि बहुतेक वेळ इथेच जातो.

तळं किंवा पाट रिकामा करायचा असेल तर पाणी हळूहळू उतरवा. भिजलेल्या मातीच्या काठाला समोरच्या पाण्याचाच टेकू असतो. तो एका रात्रीत काढला तर काठ आत ढासळतो. पाणी उतरताना मासे हलवायची व्यवस्था हवी, आणि गाळ कुठे टाकायचा तेही आधी ठरवा. वरच्या अंगाला कधीकाळी कारखाने किंवा खाणी असतील तर गाळात जड धातू असू शकतात. नमुना तपासून घेतल्याशिवाय तो शेतात पसरू नका.

जुन्या पाटांच्या तळाला चिकणमाती तुडवून केलेला थर असतो. पाणी तो धरून ठेवतो. जेसीबीचं फावडं हा थर एका घासात उडवतं, आणि मग काठोकाठ भरलेला पाट चाकाशी येईपर्यंत अर्धा होतो. गाळ हाताने काढा, किंवा यंत्र काठावर उभं करून वरवर काढा, आणि निळसर-करडी गुळगुळीत माती लागली की थांबा. काठावरची मोठी झाडं मुळासकट उपटू नका. मुळांची जागा पोकळ राहते आणि तिथूनच गळती सुरू होते. बुंधा कापून मुळं तशीच ठेवली तरी ती पुढे कुजतात, तेव्हा त्या जागांवर काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं.

झडपा दोन लागतात. एक चाकाकडे पाणी सोडणारी, दुसरी ते पाणी वळवून थेट नदीत टाकणारी. दुसरी नसेल तर चाक थांबवल्यावर पाणी काठावरून वाहू लागतं. चाकाआधी कचरा अडवणारी जाळी बसवा, तीही अशी की एकट्या माणसाला काठावर उभं राहून दाताळ्याने साफ करता येईल. पानगळीत ती दिवसातून दोनदा तुंबते. बंधाऱ्यात माशांसाठी वाट ठेवायला सांगितली तर कटकट समजू नका. युरोपातली वाम अतिधोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, आणि तिची वाट अडवणाऱ्यांत जुने बंधारेही आहेत.

चाक

पाणी चाकाच्या माथ्यावर पडत असेल तर पाण्याचं वजन काम करतं; खालून धडकत असेल तर नुसता धक्का. जॉन स्मीटन या अभियंत्याने नमुना चाकांवर प्रयोग करून १७५९ साली दाखवून दिलं की वरून पाणी घेणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम करतं. म्हणून कोणी जुनं खालचं चाक काढून वरचं बसवायला सांगेल. तेवढा उतारच नसेल तर ते शक्य नाही, आणि असला तरी तो जीर्णोद्धार नव्हे. घराट म्हणजे हिमालयातल्या छोट्या पाणचक्क्या; त्यांच्यासारखं आडवं चाक असेल तर काम सोपं आहे. तिथे दगड चाकाच्याच उभ्या आसावर फिरतो, दात्यांची साखळी नसतेच.

लाकडी चाकाचा शत्रू पाणी नसून ओलं-कोरडं होणं आहे. कायम पाण्यात असलेलं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. थांबलेल्या चाकाची खालची बाजू मात्र पाण्यात भिजून फुगते, शेवाळाने जड होते आणि वरची बाजू उन्हात तडकते. मग चाक एका अंगाला ओढतं आणि सगळा ताण बेअरिंगवर येतो. चाक बसवलं त्या दिवसापासून ते दर आठवड्याला फिरलं पाहिजे, दळण असो वा नसो.

आस जागेवर आहे का ते चाकाआधी बघा. दोन बेअरिंगमध्ये तार ताणून ती पाणसळीत आहे का आणि इमारतीच्या आतल्या दातेरी चाकाशी काटकोनात आहे का, हे तपासा. पाया एका बाजूला खचलेला असतो, जवळजवळ नेहमीच.

दाते आणि दगड

साडेतीन मीटर व्यासाच्या चाकाचा घेर अकरा मीटर. कडा सेकंदाला १.३ मीटर सरकत असेल तर मिनिटाला सात फेरे होतात. सव्वा मीटरचा दळणाचा दगड मात्र मिनिटाला शंभर ते सव्वाशे फेरे मागतो. हा फरक दातेरी चाकांच्या दोन टप्प्यांत भरून काढलेला असतो. जुन्या कारागिरांनी बऱ्याच ठिकाणी लोखंडी चाकासमोर लाकडी दाते ठेवले. लाकूड आवाज कमी करतं, आणि काही अडकलं तर स्वस्तातला लाकडी दाता तुटून महागडं ओतीव चाक वाचतं. ते सगळं लोखंडी करून टाकायचा मोह टाळा. दाते मोजताना एका चाकावर ६१ किंवा ७३ असा विचित्र आकडा मिळाला तर ती चूक नसते. तेच दोन दाते पुन्हा पुन्हा भेटू नयेत आणि झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एक दाता मुद्दाम जास्त घातलेला असतो.

वरचा दगड आठ-नऊशे किलोचा असू शकतो. तो उलटायला क्रेन किंवा चेनपुली, तपासलेल्या पट्ट्या आणि एकच हुकूम देणारा माणूस हवा. उलटल्यावर सर्वांत आधी शिसं शोधा. लोखंडी आस दगडात पक्का करायला किंवा दगडाचं वजन सारखं करायला पूर्वी वितळलेलं शिसं ओतत. ते झिजून पिठात येतं. वेस्ट बँकमध्ये १९८० च्या दशकात अशा चक्क्यांच्या पिठामुळे अनेक कुटुंबांना विषबाधा झाली होती. दळणाच्या पृष्ठभागाजवळ शिसं असेल तर ते तज्ज्ञाकडून काढून घ्या, आणि पीठ प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणाला देऊ नका.

मग टाकी लावायची, म्हणजे दगडाचा दळणारा पृष्ठभाग छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचा. घरच्या जात्याला पाथरवट लावतो तेच काम, फक्त शिस्त जास्त. सरळ लाकडी पट्टीला गेरू फासून ती दगडावर फिरवतात. रंग लागतो तो उंचवटा, तो छिन्नीने उतरवायचा. खाचा मध्यापासून काठाकडे जातात आणि त्यांच्या तिरप्या कडा धान्य कापत बाहेर ढकलतात. दोन दगडांमधलं अंतर मध्याशी जास्त आणि काठाशी कागदापेक्षाही कमी ठेवायचं असतं. टाकी लावताना उडणारे कण डोळ्यांत आणि सिलिकाची धूळ छातीत जाते, तेव्हा चष्मा आणि चांगला मास्क सक्तीचा ठेवा.

पहिल्यांदा पाणी सोडताना

आधी चाक हाताने पूर्ण फिरवा. मग थोडं पाणी सोडून नुसतं चाक तासभर चालवा आणि बेअरिंगला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबवा. त्यानंतर दातेरी चाकं जोडा, दगड उचललेलेच असू द्या. शेवटी दगड खाली आणा, पण धान्य पडायला लागल्यावरच. रिकामे दगड एकमेकांवर घासले तर ठिणग्या उडतात आणि लावलेली टाकी काही मिनिटांत जाते. धान्य संपत आलं की वाजणारी जुनी घंटा अनेक चक्क्यांत असते, ती शोभेची नाही, दुरुस्त करून घ्या. टाकी लावल्यानंतरचं पहिलं पीठ दगडाचा चुरा मिसळलेलं असतं. ते जनावरांनाही घालू नका, फेकून द्या.

पीठ बोटांत चोळून बघत राहा. ते गरम लागलं तर वेग जास्त आहे किंवा दगड फार जवळ आहेत.

चालवणारी माणसं

मोटर बटणाने बंद होते, पाणी होत नाही. झडप खाली केली तरी चाक आणखी काही फेरे घेतं. म्हणून चाकाचा खड्डा, दातेरी चाकं आणि पट्टे यांना जाळ्या हव्यात, लहान मुलांच्या हाताच्या मापाने. दुरुस्तीला आत उतरण्याआधी झडपेला कुलूप घालायचं, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात, आणि शिवाय चाक साखळीने बांधायचं. एकट्याने चक्की चालवायची नाही, हा नियम सर्वांत अनुभवी माणसालाही लागू. हवेत उडणारं पीठ पेट घेतं. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधली वॉशबर्न ही पिठाची गिरणी १८७८ साली पिठाच्या धुळीच्या स्फोटात उडाली आणि १८ माणसं गेली. धूळ रोज झाडा, आत ज्योत नको, दिवे धूळबंद हवेत.

निदान चार-पाच जणांना पूर्ण चक्की चालवता आली पाहिजे. नेदरलँड्समध्ये १९७२ पासून हौशी चक्कीवाल्यांची संघटना लोकांना रीतसर शिकवते, परीक्षा घेते. त्या देशातली चक्की चालवण्याची कला २०१७ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. एवढा पसारा नसला तरी शिकाऊ माणसाने ओला, कोरडा आणि पुराचा असे सगळे ऋतू अनुभवल्याशिवाय त्याच्या हाती झडपेची किल्ली देऊ नये.

झडपेशेजारी एक वही टांगा: तारीख, पाण्याची पातळी, किती तास चालली, किती दळलं, काय खडखडलं. बेअरिंगचा आवाज बदलला हे एका माणसाच्या लक्षात राहत नाही, वहीत मात्र दिसतं. दळण, भेटी आणि जागेचं भाडं यांतून येणाऱ्या पैशाचा ठरावीक हिस्सा मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावता येणार नाही असं संस्थेच्या घटनेतच लिहा. जुन्या दात्यांच्या मापाचं कठीण लाकूड आताच कापून सावलीत, फळ्यांमध्ये फटी ठेवून रचून ठेवा. जाड लाकूड वाळायला काही वर्षं लागतात, आणि दाता तुटतो तेव्हा कोणाकडेच वाळलेलं लाकूड नसतं.